तोड्याच्या बंदुकीला ‘घोडा’ असतो का? चाप ओढतात की दाबतात?

शेवटचा_फासा : आम्ही चौघं दर रविवारी रोलप्लेइंग गेम खेळतो, पूर्ण मराठीत. सध्याचा खेळ १७६० च्या सुमारासचा आहे, घाटातून खजिना न्यायचाय. खेळ मी चालवतो त्यामुळे वर्णनं माझीच. परवा मी म्हणालो, “शिपायानं घोडा दाबला आणि बार उडाला.” मित्रानं तिथंच खेळ थांबवला. त्याचं म्हणणं दोन गोष्टींवर, एक म्हणजे तोड्याच्या बंदुकीला घोडा नसतोच, आणि दुसरं, ‘घोडा दाबला’ हे हिंदी सिनेमातलं, मराठीत चाप ओढतात. अर्धा तास वाद झाला, खजिना राहिला घाटात. तर प्रश्न असा, तोड्याच्या बंदुकीत जळता तोडा (सुताची वात) धरून ठेवणारा जो वाकडा दांडा असतो, खाली कळ ओढली की जो कान्यावर (दारू पेटवायच्या भोकावर) झुकतो, त्याला जुना मराठी शब्द काय?

कातळसडा : तुमचा मित्र अर्धा बरोबर. ठासणीच्या बंदुकीला वर जो हातोडीसारखा भाग असतो, केपावर (ठिणगी पाडणाऱ्या छोट्या टोपीवर) आपटणारा, तो घोडा. बोटानं ओढतो तो चाप. पण आमचे आजोबा ‘चाप चढवला’ असंही म्हणायचे आणि तेव्हा हात वरच्या घोड्याकडेच असायचा. त्यांच्याकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची होती, डुकरांसाठी. आधी दारू, मग चिंधीचा बोळा, मग छर्रे, परत बोळा, आणि प्रत्येक वेळी गजानं ठासायचं, शेवटी केप. मी लहान असताना एकदा पावसात तासभर बसलो मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपीत, डुक्कर आलं, चाप ओढला तर नुसतं ‘टिक’. दारू दमट झालेली. कथांमधे भर पावसात धडाधड बार काढणारे मावळे वाचले की मला तो ‘टिक’ आठवतो.

मराठी_असे : शेवटचा_फासा, मुळात ‘बंदूक’च कशाला? अरबी शब्द आहे. शिवरायांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो उगाच का? तोफेला शतघ्नी, बंदुकीला भुशुंडी हे शब्द आहेत आपल्याकडे. काल्पनिक खेळ आहे तर निदान तिथे तरी शुद्ध बोला.

जुनी_वही : दादा, कोश झाला तरी लोक बंदूकच म्हणत राहिले ना. तोफ तुर्की, जामगी (बत्ती) फारसी, पिस्तूल आणि काडतूस पोर्तुगीजांकडून आलेले. हत्यार ज्याच्याकडून आलं त्याचा शब्द बरोबर आला. १७६० चा शिपाई तोंडातून ‘भुशुंडी’ काढायला लागला तर मी तो खेळ सोडून उठेन. आणि अरबी ‘बुंदुक’ म्हणजे एक कठीण कवचाचं गोल फळ, त्यावरून गोळी, त्यावरून बंदूक. व्हेनिसलाही अरबीत अल-बुंदुकिय्या म्हणतात, त्यामुळे बंदूक व्हेनिसहून आली असं काहीजण सांगतात, मला ते पटत नाही, फळाचंच पटतं.

तिसरी_घंटा : मला क्रियापदांचा जास्त त्रास होतो. तोफ डागतात, गोळी झाडतात, बार उडवतात किंवा काढतात. हल्ली सरसकट ‘पिस्तूल डागलं’ लिहितात, कानाला खटकतं. डागणे म्हणजे तापलेलं काहीतरी टेकवणे, गुराला डागतात तसं. तोफेच्या कान्याला पेटती बत्ती टेकवायची म्हणून तोफ ‘डागायची’. हा माझा अंदाज आहे पण मला तो फार आवडतो. मग चापाच्या हत्याराला डागणे कसं चालेल?

जुनी_वही : आणि क्षेपणास्त्र? ते रोज पेपरात डागतातच की. तिथे कोण बत्ती टेकवतं?

तिसरी_घंटा : म्हणून तर म्हणते, ते चूक आहे. क्षेपणास्त्र सोडावं.

जुनी_वही : ताई, लाखो लोक डागतात म्हटल्यावर ते चूक राहत नाही.

पानवाचक : मी थरारकथांचं मुद्रितशोधन करते. शब्द जुना की नवा यापेक्षा लेखकाला वस्तू माहीत नसते हे जास्त छळतं. मागे एका हस्तलिखितात नायकानं ‘ग्लॉकचा घोडा मागे खेचला’. ग्लॉक या पिस्तुलाला बाहेर घोडाच नसतो! खेचायची ती वरची स्लाइड. दुसऱ्यात रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या सुटल्यावर रिकामी काडतुसं खणखणत फरशीवर पडली. ती तर चक्रातच राहतात, आपण उघडून काढेपर्यंत. आणि पुढच्या पानावर त्याच हत्याराला पिस्तूल म्हटलंय, बोलताना चालतं, पण अख्खं प्रकरण गोळ्या मोजण्यावर उभं असताना सहाचं चक्र की मुठीतलं मॅगझिन हे लिहिणाऱ्याला ठाऊक पाहिजे. मी समासात लिहिलं तर उत्तर आलं, वाचकाला काय कळतंय. वाचकाला कळतं हो.

दुसरा_पहारा : क्लिप आणि मॅगझिनचाही असाच घोळ. थ्री नॉट थ्रीमधे मॅगझिन दहाचं, रायफलमधेच बसलेलं, आणि पाच पाच राउंडच्या पट्ट्या वरून दाबून ते भरायचं, ती पट्टी म्हणजे क्लिप. एनसीसी कॅम्पला आम्हाला पॉइंट टू टू रायफल दिली होती, उस्ताद एकच गोष्ट घोकून घ्यायचे, चाप ‘ओढायचा’ नाही, ‘दाबायचा’, श्वास अर्धा सोडून हळूच. ओढलास की नळी हलली. म्हणजे मूळ प्रश्नातला ‘दाबला’ मला चूक वाटत नाही. ‘घोडा’ मात्र मुंबईत आमच्या भागात अख्ख्या पिस्तुलालाच म्हणतात.

शेवटचा_फासा : दुसरा_पहारा, हे फार कामाचं. पण तोडा धरणाऱ्या दांड्याचा शब्द अजून कुणी दिला नाही.

कातळसडा : काना, रंजक (कान्यावरची पेटवायची दारू), गज, दस्ता (लाकडी मूठ), जामगी हे सगळे शब्द आहेत, त्या दांड्याचा मला आठवत नाही. पण एक सांगतो, खेळात रात्रीचा छापा असेल तर पेटता तोडा लांबून दिसला पाहिजे. अंधारात लाल ठिपका आणि जळक्या सुताचा वास. पहारेकऱ्याला तेवढ्यावरून कळेल की झाडीत किती बंदुका आहेत.

शेवटचा_फासा : हा तर पुढच्या रविवारीच घेतो! बंदूक भरायला मी खेळातल्या दोन फेऱ्या ठेवल्यात, बाकीच्यांना त्या जास्त वाटतात.

दुसरा_पहारा : अजिबात जास्त नाहीत. चकमकीची (गारगोटीनं ठिणगी पाडणारी) बंदूक घेऊन कवायत शिकलेला पलटणीतला शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा, तोडेवाल्याला तेवढं जमणार नाही. आणि पहिल्या फैरीनंतर धूर इतका की समोरचं दिसेना.

मराठी_असे : ‘फैर’ हा इंग्रजी ‘फायर’ आहे हे तरी माहितीय का?

तिसरी_घंटा : काहीतरीच. ‘फैरी झडल्या’ आमची आजी म्हणायची, तिला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं.

जुनी_वही : आजीला इंग्रजी येत नसलं तरी शब्द इंग्रजीतून आलेला असू शकतो ना. पलटणीतून गावात यायला किती वेळ लागतो. फायरवरूनच आलाय तो. प्रश्न एवढाच की १७६० मधे घाटातल्या शिपायाच्या तोंडात तो बसेल का?

शेवटचा_फासा : अरे देवा, माझ्या वर्णनात फैर सात वेळा आहे.