चैन नव्हे ही
पन्नाशीत नवं काही सुरू करणं ही हल्लीच्या, हातात पैसा खुळखुळणाऱ्या बायकांची चैन आहे, असं एकांनी म्हटलंय. अजिबात पटलं नाही. पार्वतीबाई आठवले यांचं नाव इथे यायलाच हवं. ऐन विशीत वैधव्य, पदरात मूल. पुढे महर्षी कर्व्यांच्या, विधवांना शिकवणाऱ्या पुण्याजवळच्या हिंगण्याच्या संस्थेसाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. चाळिशी उलटल्यावर केशवपन सोडून केस राखले, त्यापायी लोकांची बोलणी खाल्ली. आणि १९१८ मध्ये, वयाच्या ४८व्या वर्षी, इंग्रजी शिकायला थेट अमेरिका गाठली! तिथे लोकांकडे घरकाम करून पोट भरलं. यात चैन कुठली?

माझ्या आत्याला आता स्कूटर शिकायचीय आणि घरचे "या वयात कशाला" म्हणताहेत. तिला मी पार्वतीबाईंबद्दलच सांगितलं.