आयकॅनमध्ये सामान्य वापरकर्त्यांची थेट निवडणूक: २००० साली नेमकं काय फिसकटलं?

मुळाक्षर:
डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनच्या संचालक मंडळात मताधिकाराच्या १६ जागा आहेत. वापरकर्त्यांच्या वाट्याला त्यांतली एक, आणि तीही थेट मतदानाने भरत नाहीत. २००० साली मात्र थेट मतदान झालं होतं. ते का गुंडाळलं? आणि आज कोणाला आत शिरायचं असेल तर दार कुठलं?

टपालपेटी:
आधी आकडे. मूळ आराखड्यात ९ जागा वापरकर्त्यांच्या होत्या, पण मार्च २००० च्या कैरो बैठकीत पाचच भरायचं ठरलं, पाच खंडविभागांतून एकेक. वयाची अट १६ वर्षं. सदस्य क्रमांक ईमेलने यायचा आणि पिन (सदस्यत्व सुरू करण्याचा गुप्त क्रमांक) साध्या टपालाने. दीड लाखाहून जास्त लोकांनी नावं नोंदवली. पिन टाकून सदस्यत्व सुरू केलं ७६,१८३ जणांनी, मत दिलं ३४,०३५ जणांनी. म्हणजे आकड्याने मोठी गळती मतदानाच्या आधीच, पिनच्या टप्प्यावर झाली.

विभागवार मतं पाहा: आशिया-पॅसिफिक १७,७४५, युरोप ११,३०९, उत्तर अमेरिका ३,४४९, लॅटिन अमेरिका १,४०२ आणि अख्खी आफ्रिका १३०. जागा मात्र प्रत्येकी एकच!

शंकासुर:
पिनपेक्षा मोठी भानगड मतदारयादीची. टपाल पोचलं याचा अर्थ त्या पत्त्यावर कोणीतरी आहे, एवढाच. एका माणसाने दोन पत्त्यांवरून दोन नावं घातली तर पकडणार कसं? शिवाय जपान, जर्मनी, चीन इथे नोंदणीची जोरदार मोहीम चालली. ज्याची संघटना तगडी त्याचे मतदार जास्त. 'इंटरनेटचे वापरकर्ते' अशी यादी जगात कुठेच नाही, त्यामुळे ३४ हजार मतं कितींपैकी, हा प्रश्न कायम लोंबकळत राहतो.

टपालपेटी:
यादीचं कारण खरं, पण अर्धंच. उत्तर अमेरिकेतून कार्ल ऑअरबाख आणि युरोपातून अँडी म्युलर-मागून निवडून आले. दोघेही आयकॅनच्या स्वतःच्या नामांकन समितीच्या यादीतले नव्हते, सदस्यांनी पुढे केलेले होते आणि आयकॅनचे उघड टीकाकार. ऑअरबाख यांना संचालक असूनही संस्थेची कागदपत्रं पाहण्यासाठी कॅलिफोर्नियाच्या कोर्टात जावं लागलं. २००२ मध्ये ते जिंकले. त्याच वर्षाअखेरच्या नव्या नियमावलीत थेट निवडणूक गेली. योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा.

दारवान:
आजची वाट सांगतो. ॲट-लार्ज सल्लागार समिती, म्हणजे आयकॅनमधली सामान्य वापरकर्त्यांची समिती, तिच्यात १५ जण: पाच विभागीय संघटना प्रत्येकी दोन निवडतात, उरलेले ५ नामांकन समिती नेमते. हे १५ आणि पाच विभागीय अध्यक्ष मिळून मंडळावरचा तो एक संचालक निवडतात. म्हणजे मतदार फक्त २०.

भारत आशिया-पॅसिफिकमध्ये येतो. तिथली संघटना ॲप्रॅलो. वैयक्तिक सदस्य होता येतं. संस्था म्हणून जायचं असेल तर तिचा कारभार सामान्य वापरकर्त्यांच्या हाती असल्याचं दिसलं पाहिजे; विक्रेत्यांचं मंडळ चालणार नाही.

सदस्य नसलात तरी आयकॅनच्या मसुद्यांवर सार्वजनिक अभिप्राय देता येतो. मुदत साधारण ४० दिवस. मसुद्याचं कलम, त्यातली चूक आणि बदली वाक्य, एवढं द्या. एकच मजकूर पन्नास जणांनी चिकटवला तरी मुद्दा एकच राहतो.

मुळाक्षर:
मराठीपुरता असा एखादा मुद्दा?

दारवान:
आहे की. सर्वोच्च स्तरावरच्या नावांत (पत्त्यातल्या शेवटच्या टिंबानंतरच्या, '.भारत'सारख्या) न दिसणारा जोडक, म्हणजे अक्षरांची जोडणी ठरवणारं झेडडब्ल्यूजे हे अदृश्य चिन्ह, चालत नाही. मग 'दऱ्या' लिहायला 'ऱ' (युनिकोड ०९३१) हे अक्षर लागतं. साधा 'र' घेतला तर त्याचा 'दर्या' होतो. हिंदीवाल्यांना ही गरजच पडत नाही, त्यामुळे देवनागरीचे नियम ठरतात तिथे हे मराठी माणसाने सांगायला हवं. अभिप्रायात अक्षराचा युनिकोड क्रमांक आणि दोन्ही शब्द शेजारी लिहा. नुसतं 'मराठीवर अन्याय' लिहून पाठवलं तर वाचणाऱ्याला दुरुस्त काय करायचं ते कळत नाही.