निळूभाऊंना मराठी सिनेमाने वाया घालवलं. पटतंय का?

पडद्यामागचा:
काल रात्री परत 'सिंहासन' बघितला, कितव्यांदा ते विचारू नका, आणि संपल्यावर जाम चिडचिड झाली म्हणून हा धागा. त्यात अरुण सरनाईक मुख्यमंत्री आहेत, श्रीराम लागू विश्वासराव दाभाडे आहेत, सगळे तोडीस तोड, आणि तरी डोक्यात राहतो तो निळू फुल्यांचा दिगू टिपणीस. पत्रकार. प्रत्येकाच्या खोलीत सहज ये-जा, सगळं ऐकतो, सगळं कळतं, बोलतो अगदी मोजकं. समोरचा मंत्री बाता मारत असताना निळू फुले नुसते बसलेत, आणि आपण मंत्र्याला सोडून त्यांच्याकडे बघतोय! 1979 चा सिनेमा. म्हणजे हा माणूस काय करू शकतो हे तेव्हाच सगळ्यांना दिसलं होतं. मग पुढे काय दिलं त्यांना? पाटील, सरपंच, चेअरमन, परत पाटील. तीच टोपी, तेच धोतर, तोच घसा ओढून काढलेला आवाज, आणि शेवटी हिरोकडून मार. बाहेर ह्या दर्जाच्या चरित्र अभिनेत्यासाठी भूमिका लिहून घेतात, आपण त्यांची मिमिक्री केली. माझं स्पष्ट मत आहे, वाया घालवलं.

बांधावरून:
नाही पटत. "परत पाटील" म्हणताय पण तो पाटील आधी होता का पडद्यावर? सावकार होता, जमीनदार होता, मिशीला पीळ देणारा. निळूभाऊंचा माणूस वेगळा आहे. राज्य झालं 1960 ला, मग पंचायत राज आलं, साखर कारखाने उभे राहिले, आणि गावात एक नवीनच जात तयार झाली, खादीची टोपी घालून हात जोडणारी आणि त्याच हाताने गळा धरणारी. तो माणूस आम्ही रोज बघत होतो, सोसायटीच्या मीटिंगला बघत होतो, पण त्याला पडद्यावर आणला ह्यांनी. 'सामना'तला हिंदूराव धोंडे पाटील बघा परत. दारुडा मास्तर कुठून तरी गावात येतो, हिंदूराव त्याला घरी ठेवतो, खाऊ घालतो, प्यायला देतो, मोठेपणा मिरवतो. आणि मग त्या मास्तरच्या तोंडात एकच प्रश्न बसतो, मारुती कांबळेचं काय झालं. तिथून पुढे हिंदूराव कसा आतून सुटत जातो बघा. आवाज तोच, रुबाब तोच, पण नजर ठरत नाही कुठे. हा व्हिलन आहे का? माझ्या मते तो त्या सिनेमातला सगळ्यात घाबरलेला माणूस आहे. एवढं एक जरी केलं असतं तरी वाया गेले म्हणायची माझी हिंमत झाली नसती.

पडद्यामागचा:
अहो पण तुम्ही माझंच बोलताय ना. 'सामना' 1975 ला बर्लिनच्या स्पर्धेत गेला, तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन. असे किती मिळाले? 'सामना', 'सिंहासन', फार तर अजून चार नावं. बाकीचा ढीग आपण बघितलाय लहानपणी रविवारी दुपारी.

तिसरी घंटा:
एक कोणी बोलतच नाहीये, नाटक. 1972 ला 'सखाराम बाइंडर' आलं, नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा, शिव्या घालणारा, मारणारा, आणि वर स्वतःला खोटेपणा जमत नाही म्हणून मिरवणारा सखाराम, तो पहिल्यांदा उभा केला निळू फुल्यांनी. समोर लालन सारंग. सेन्सॉरची भानगड, कोर्टकचेरी, सगळं झालं. नाटकाच्या इतिहासात त्यांची जागा कधीच पक्की झालीय. आणि त्याच्याही आधी राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, 'कथा अकलेच्या कांद्याची' हे वगनाट्य. तिथे विनोदाचं टायमिंग पाहिजे, समोर बसलेली माणसं लगेच सांगतात तुम्ही पडलात की उभे आहात. 1968 च्या 'एक गाव बारा भानगडी'तले झेले अण्णा तिथून आले. पहिलाच सिनेमा, आणि वय चाळिशीच्या जवळ. त्याआधी पुण्यात एएफएमसीमध्ये, म्हणजे लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, माळी होते. त्यामुळे "वाया घालवलं" हा शब्द मला जरा शहरी चुकचुक वाटतो, राग मानू नका.

आडवातिडवा:
ही गंमत कोणी बघितलीच नाही. अख्ख्या महाराष्ट्राला गावचा पाटील म्हणून जो चेहरा आठवतो तो पुण्यात बागकाम करणारा समाजवादी 😀

सई लिहिते:
मी दोन्ही बाजूंशी भांडणार आहे. माझी आजी जत्रेतल्या तंबूत सिनेमा बघायची, बायकांची बाजू वेगळी असायची, मध्ये पडदा किंवा दोरी. ती सांगायची की निळू फुले पडद्यावर आले की बायका बोटं मोडायच्या, मोठ्याने शिव्या द्यायच्या. त्यांच्या अभिनयाला ह्यापेक्षा मोठी पावती नाही वगैरे लेख मी दहा वाचलेत. पण आजी पुढे अजून एक सांगायची, ते कोणी लिहीत नाही. दोरीच्या पलीकडे पुरुष त्याच सीनला शिट्ट्या मारायचे. सीन काय, तर पाटील कामावर आलेल्या बाईकडे बघतोय. आज कॉलेजच्या गॅदरिंगला कोणीही उठतो, आवाज बसका करतो आणि "बाई वाड्यावर या" म्हणतो, आणि सगळे हसतात. त्या बाईच्या जागी आपल्यातलीच कोणी तरी होती ना? ते बघणं त्यांनी इतकं खरं केलं की भीती वाटायची, आणि तीच भीती लोकांनी जोक करून टाकली. हा दोष नटाचा नाही मान्य, पण शंभर वेळा तोच सीन लिहिणाऱ्यांचा आहे, आणि थोडा तो शंभर वेळा करणाऱ्याचा पण आहे.

बांधावरून:
सईताई, शिट्ट्यांचं खरं आहे, मी त्या बाजूला बसलेला माणूस आहे, लहान होतो पण होतो. नटाला मात्र त्यात ओढू नका, पोट होतं त्यांना पण. आणि पडद्याबाहेर माणूस कसा होता ते बघा, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या व्यासपीठावर असायचे, आणि कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला त्यासाठी लागूंसोबत 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत फिरले.

सई लिहिते:
माणूस मोठा होता म्हणून प्रश्न विचारायचा नाही असं थोडंच आहे. उलट एवढं भान असलेला माणूस होता म्हणून तर विचारते.

पडद्यामागचा:
हे बाकी मला आधी सुचलं नव्हतं. मी फक्त "भूमिका मिळाल्या नाहीत" एवढंच धरून बसलो होतो.

आडवातिडवा:
हिंदीचं पण बोला की. 1984 चा 'सारांश'. त्यात गजानन चित्रे, शिवाजी पार्कातला पुढारी, ज्याच्या पोरापासून एका मुलीला दिवस गेलेत आणि जो म्हाताऱ्या प्रधान मास्तरांना धमकावतोय. धोतर नाही, वाडा नाही, तमाशा नाही. शहरातला माणूस, तरी पाच मिनिटांत घाम फुटतो. म्हणजे जादू टोपीत नव्हतीच. 'कुली'त होते, 'मशाल'मध्ये होते, पण तिकडच्यांनी तर आपल्यापेक्षा कमी वापरलं. मग एकट्या मराठीला का झोडपायचं?

तिसरी घंटा:
माझं अजून एक. लागूंना 1970 ला 'नटसम्राट' मिळालं, म्हणून त्यांना नटसम्राट म्हणतात. प्रमाण भाषेत मोठमोठी स्वगतं म्हटली की आपल्याला अभिनय दिसतो. दोन शब्दांमध्ये थांबून समोरच्याचा जीव काढला तर आपण म्हणतो हां, स्टाइल आहे त्यांची. 1991 ला निळूभाऊंना संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला हे इथे किती जणांना माहीत होतं? खरं सांगा.

पडद्यामागचा:
मला नव्हतं.
बरं, मी शीर्षक बदलत नाही, वाया घालवलं ह्यावर मी ठाम आहे, फक्त कोणी घालवलं ह्यात आता प्रेक्षक पण घेतो, मी धरून. 'सामना' आज परत लावतोय, हिंदूरावाची नजर कुठे सुटते ते बघायचंय.

सई लिहिते:
बघा आणि सांगा. आजी जाऊन चार वर्षं झाली, शेवटपर्यंत टीव्हीवर ते दिसले की चॅनल बदलायची. 2009 ला ते गेल्याची बातमी लागली तेव्हा मात्र नाही बदललं, पूर्ण बघितलं आणि म्हणाली, "मेला म्हणायची मी ह्याला, चांगला होता की गं."