'इत्तेफाक', 'माफक' आणि अक्कांची 'खुनी'

गेल्या आठवड्यात पावसानं बाहेर पडता येईना, म्हणून घरीच 'इत्तेफाक' हा हिंदी चित्रपट लावला. यश चोप्रांचा, १९६९ चा. शेजारच्या अक्का आल्या होत्या. त्यांच्या घरात तेलुगू, दारात मराठी. सोलापूरच्या पूर्व भागात असंच असतं. न्हाणीघरात मृतदेह दिसला आणि अक्का पुढं सरकून म्हणाल्या, "अय्यो, खुनी झाली की हो!"

माझी पुतणी लगेच म्हणाली, "अक्का, खुनी कोण ते अजून कळलंच कुठंय?"

दोघींचंही बरोबर होतं. मराठीत 'खुनी' म्हणजे खून करणारा. तेलुगूत मात्र 'खूनी' म्हणजे ते कृत्यच, खून. मूळ फारसी 'खून', म्हणजे रक्त. हिंदीत तो अर्थ अजून जिवंत आहे, 'खून दिया' म्हणजे रक्तदान केलं. मराठीनं मात्र रक्ताला रक्तच ठेवलं आणि 'खून' फक्त जीव घेण्यासाठी राखला. पाहुणा शब्द एकच, पण तीन घरांत तीन कामांना लागला.

कायद्याच्या मराठीतही 'खून' हाच शब्द आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. जुन्या दंड संहितेतलं कलम ३०२ असो की १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेतलं १०३, शिक्षा 'खुनाबद्दल' असते. 'सदोष मनुष्यवध', म्हणजे जीव गेला पण कायद्यानं खून न धरलेला गुन्हा, तो वेगळा. हिंदी कायदा तिथं 'हत्या' म्हणतो. हल्ली आपल्या बातम्यांतही सरसकट 'हत्या' येते. आत्महत्या, भ्रूणहत्या, गोहत्या यांत तो शब्द शोभतो, पण गल्लीत कुणी भोसकलं तर तो खूनच. 'वध' राक्षसाचा किंवा अफझलखानाचा.

आता चित्रपटाच्या नावाचा प्रश्न. पुतणीनं विचारलं, "इत्तेफाक म्हणजे योगायोगच ना?" मी हो म्हणालो, पण रात्रभर ते उत्तर अपुरं वाटत राहिलं. 'योगायोग' म्हटलं की पंचांग, ग्रह, नशीब मनात येतं. 'इत्तेफाक' अरबीतून आला आणि त्याच्या मुळाशी जुळणं आहे, एकमत होणं आहे. म्हणून उर्दूत 'मैं आपसे इत्तेफाक रखता हूँ' म्हणजे मी तुमच्याशी सहमत आहे. एकाच शब्दात अचानक घडणंही आहे आणि जुळवून घेणंही.

याच धातूतून 'मुवाफिक' आला आणि मराठीत येता येता त्याचा 'माफक' झाला. माफक दर, माफक अपेक्षा. मुळात 'जुळणारा, साजेसा'. आपल्याकडे त्याचं 'बेताचा' झालं. दखनी, म्हणजे दख्खनची उर्दू, बोलणारे 'उसके माफिक' म्हणतात, त्यात जुना अर्थ टिकून आहे. चित्रपटाचं नाव आणि बाजारातला 'माफक भाव' सख्खे भाऊ निघावेत, हे कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून पुतणीला हाक मारली.

चित्रपटात हा दुहेरी अर्थ फार कामाचा आहे. बायकोच्या खुनाचा आरोप असलेला एक चित्रकार (राजेश खन्ना) पावसाळी रात्री पळून एका घरात शिरतो. तिथं एकटी बाई आहे, नंदा. आपल्या मास्टर विनायकांची मुलगी. बाकी जवळपास सगळं त्या एका घरात, एका रात्रीत. एकही गाणं नाही, सलील चौधरींचं पार्श्वसंगीत तेवढं. मूळ गुजराती नाटकावरून घेतलेला, त्याचं ते घट्ट नेपथ्य दिसतंच. शेवट सांगत नाही, न पाहिलेल्यांवर तो अन्याय होईल. एवढंच म्हणतो की पाहून झाल्यावर नाव पुन्हा उच्चारून बघा. 'योगायोग' तिथं तोकडा पडतो.

माझ्या मते मराठीत सगळ्यात जवळचं आहे 'जुळून येणं'. 'सगळं कसं जुळून आलं बघ' यात अवचित घडणंही आहे आणि कुणी जुळवलं असेल का, ही शंकाही. नावाला मात्र ते शोभत नाही, तिथं क्रियापद नको, नाम हवं. 'मेळ' सुचला होता, पण त्यात अवचितपणा नाही.

'रहस्यपट' आणि 'थरारपट' यांतही फरक पाळावा असं मला वाटतं. कोणी केलं हे शोधत बसतो ते रहस्य, आता काय होईल म्हणून जीव मुठीत धरतो तो थरार. इथं दोन्ही आहे. अक्का त्याला 'सस्पेन्स पिच्चर' म्हणतात आणि त्यांचं काही अडत नाही.

अक्कलकोटकडे कानडी घरांतही 'खूनी' कृत्यासाठीच वापरतात, असं ऐकलंय. तिकडचं कुणी असेल तर सांगा. आणि 'माफक' हा 'साजेसा' या जुन्या अर्थानं कुणाच्या आजी-आजोबांच्या तोंडी ऐकलाय का? वाक्यासकट लिहिलंत तर फार बरं होईल.