सडलेल्या सिलवर फायबरचा मुखवटा : एमजीबी रुंद करणाऱ्यांना उत्तर

सिलवाला_रत्नागिरी :
परवाची पोस्ट सगळ्यांनी वाचलीच असेल. थोडक्यात म्हणणं असं : कोकणात जुन्या एमजीबीचा (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) पत्रा टिकत नाही, तेव्हा पत्र्याचा नाद सोडा. चारही मडगार्डं सेब्रिंग या रेसच्या एमजीबीसारखी रुंद, फायबरची करून घ्या. होडीवाले कारागीर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरापासून वेंगुर्ल्यापर्यंत आहेत, आठवड्यात गाडी तयार. खाली अंगठ्यांची रांग. म्हणून हे लांबलचक उत्तर.

एमजीबीला वेगळी चासी नाही. रोडस्टरला वर छप्परही नाही. म्हणजे पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा एकत्र धरण्याचं काम मुख्यतः दोन सिल करतात. सिल म्हणजे दाराखाली बाहेरून दिसते ती नुसती पट्टी नव्हे. बाहेरचं सिल, आतलं सिल, दोन्हींच्या मध्ये उभा पडदा आणि खाली कॅसल रेल नावाची पत्र्याची पट्टी, असा तो डबा आहे. पुढच्या चाकामागे चिखल अडवणाऱ्या पत्र्याचं रबर गेलं की लाल माती मडगार्डच्या आत साठते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ३,००० मि.मी.च्या वर पाऊस, त्यात खारी हवा. ती माती दिवाळीपर्यंत ओलीच राहते आणि डबा आतून खाते. बाहेरून रंगाला एक फुगवटा, बस्स.

तपासायचं असेल तर दार नीट लावून मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजा. मग सिलखाली जॅकच्या जागी जॅक लावून बाजू उचला आणि पुन्हा मोजा. फट डोळ्याला दिसेल इतकी बदलली, किंवा दार उघडताना घासायला लागलं, तर सिल गेलेलं आहे. जॅकच आत घुसला तर मोजायचीही गरज नाही.

अशा गाडीला फायबरची मडगार्डं चढवली की सिलची दोन्ही टोकं कायमची झाकली जातात, आणि नेमकी तिथेच सड असते. ही दुरुस्ती नाही, हे कफन आहे.

मिरकरवाडा_फायबर :
पोस्ट माझी होती, उत्तरही मीच देतो. सड झाका असं मी कुठे लिहिलं? तुम्ही वाचलंत ते तुमच्या डोक्यातलं.

फायबरला नावं ठेवणाऱ्यांनी जरा इतिहास बघावा. अमेरिकेची कॉर्व्हेट गाडी १९५३ पासून फायबरची. १९५७ ची लोटस एलिट तर अख्खी फायबरची, चासीसकट. खारी हवा फायबर खात नाही. बंदरातल्या होड्या वर्षानुवर्षं पाण्यात उभ्या आहेत, आणि तुमचा २० गेजचा पत्रा रेड ऑक्साइड मारून अंगणात ठेवला तरी तिसऱ्या पावसाळ्यात बोट आरपार जातं.

आडवा_पाना :
इतिहासच काढलात तर अर्धा का? लोटसच्याच १९६२ च्या एलानची बॉडी फायबरची, पण खाली लोखंडी बॅकबोन (मधल्या कण्यासारखी) चासी. बॉडी टिकली, चासी सडली. शेवटी लोटसने जस्त चढवलेली बदली चासी विकायला काढली. कॉर्व्हेटमध्येही फायबरच्या आतला काचेभोवतीचा लोखंडी सांगाडा गंजतो आणि बाहेरून कळतच नाही. फायबर गंजत नाही म्हणून आतलं लोखंड गंजायचं थांबत नाही. उलट दिसेनासं होतं. सिलवाले हेच म्हणतायत.

दापोली_डेंटर :
रेड ऑक्साइडचा विषय निघाला ते बरं झालं. रेड ऑक्साइड प्रायमर पाणी पितो. त्यावर पुट्टी, पुट्टीवर रंग, आणि मग "डेंटरने काम खराब केलं". त्याऐवजी इपॉक्सी प्रायमर उघड्या, ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलेल्या पत्र्यावर त्याच दिवशी मारायचा. श्रावणात रात्रभर पत्रा उघडा ठेवलात तर सकाळी नारिंगी झालेला असतो. पुट्टी त्या इपॉक्सीवर, आणि २-३ मि.मी.पेक्षा जाड नको. गिऱ्हाइकाला इपॉक्सीचा भाव सांगितला की तोंड वाकडं होतं, आणि अलॉय व्हीलला मात्र पैसे असतात.

कलम५२ :
तुमचं फायबर-पत्रा चालू द्या, आधी नोंदणीचं बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. शिवाय २०२१ च्या व्हिंटेज नियमांत ५० वर्षांवरच्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरणाला ५,०००. पण अट आहे : चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नको. १९७० ची एमजीबी चारही बाजूंनी कापलीत तर कुठल्या तोंडाने अर्ज करणार?

मिरकरवाडा_फायबर :
मग सिलवाल्यांनी आतलं, मधलं, बाहेरचं सगळं सिल कापून नवं वेल्ड केलं तर तो बॉडी शेलमधला फेरबदल नाही वाटतं? तुमचा नियम फक्त फायबरलाच चावतो?

कलम५२ :
मूळ मापाचा, मूळ आकाराचा भाग मूळ जागी बसवला तर ती दुरुस्ती. मागचं मडगार्ड कापून गाडी रुंद केली तर फेरबदल. एवढं कळत नसेल तर आरटीओत जाऊन विचारा.

मिरकरवाडा_फायबर :
विचारतो हो. खिडकी क्रमांक तेवढा सांगा.

तांब्याचा_वॉशर :
भांडण चुकीच्या जागी चाललंय. खरा फरक आहे बोल्ट आणि वेल्डचा. एमजीबीची पुढची मडगार्डं बोल्टवर आहेत. ती काढा, फायबरची लावा, मूळची माळ्यावर ठेवा. उद्या विचार बदलला तर एका दिवसात गाडी होती तशी. मागची मडगार्डं वेल्ड केलेली आहेत, ती कापली की परतीचा रस्ता नाही. पोर्शे ९११ चंही तेच. १९७४ पासूनची गाडी १९७३ सारखी लांब बॉनेटची करतात, त्यात पुढची मडगार्डं आणि बॉनेट बोल्टवर येतात. मागची रुंद करायची म्हटलं की ग्राइंडर. आणि १९७६ च्या मॉडेलपासून त्या बॉडीला जस्ताचा लेप आहे. वेल्डिंगच्या कडेला तो जळतो, मग समुद्राकाठी गंज त्याच रेषेवर सुरू होतो. (धूरही विषारी, खिडकी उघडून वेल्ड करा.)

आणि "मूळ ते सोनं" म्हणणाऱ्यांनाही एक टोला. ॲस्टन मार्टिन डीबी५ च्या १२ शूटिंग ब्रेक (मागे लांब छप्पर असलेल्या गाड्या) बॉडी बनवणाऱ्या हॅरॉल्ड रॅडफर्डने कापूनच बनवल्या, त्याही खुद्द कंपनीच्या मालकाच्या हौसेपासून सुरुवात होऊन. कापणं पाप नाही, वाईट कापणं पाप.

आडवा_पाना :
डीबी५ चं उदाहरण कोकणात देऊ नका. लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. दोन धातू एकमेकांना टेकलेले, मध्ये खारं पाणी. बॅटरीच झाली ती. ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते.

वेंगुर्ल्याचो_झिल :
सगळे मोठे मोठे गाडयेची नावां घेतत. फायबर लावूचा कसा ता कोण सांगीना. पावसात लावलंत तर काय होता ता म्हायत असा काय कोणाक? रेझिन म्हणजे वरणाची फोडणी न्हय.

मिरकरवाडा_फायबर :
झिला, बरोबर बोललास. "आठवड्यात काम" हे मी लिहिलं ते चुकलं, पावसाळ्यात तर नाहीच. आता नीट लिहितो.

आधी आकार. थर्माकोलवर पॉलिएस्टर रेझिन टाकलंत तर तो विरघळतो, पीयू फोम घ्या. फोमवर पुट्टी, पुट्टीवर घासकाम, मग त्यावरून मूस (साचा). मुशीला मेणाचे ५-६ हात, वर पीव्हीए (माल साच्यातून सुटावा म्हणून), मग जेलकोट (रेझिनचा बाहेरचा थर) चौरस मीटरला ५००-६०० ग्रॅम. जेलकोट बोटाला चिकट लागावा पण बोटाला येऊ नये, तेव्हा पुढचा थर. घाई केलीत तर वरच्या रेझिनमधलं स्टायरीन जेलकोट उचलतं आणि मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या येतात. पहिली मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) चौरस मीटरला ३०० ग्रॅमची, म्हणजे धाग्याचा छाप वर दिसत नाही. मग ४५० च्या. ४५० चा एक थर साधारण १ मि.मी. देतो, मडगार्डला एकूण ३ मि.मी. पुरे. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन. जास्त ओतून मजबूत होत नाही, ठिसूळ होतं.

हार्डनर १ ते २ टक्के. मे महिन्यात १ टक्का, नाहीतर डब्यातच उकळतं. थंडीत जास्त लागतं, पण १ च्या खाली कधीच नाही. वेळ मिळावा म्हणून अर्धा टक्का टाकणारे आहेत, तो माल जन्मभर कच्चा राहतो. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं) आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर. दोन्ही थेट एकमेकांत ओतलेत तर स्फोट होतो, हे गमतीत घेऊ नका.

वेंगुर्ल्याचो_झिल :
आणि दमट हवा?

मिरकरवाडा_फायबर :
मॅट ओली असेल तर रेझिन भिजवतच नाही, पांढरे डाग राहतात. मॅट बंद खोलीत बल्ब लावून ठेवायची. हवेत ओल ८० टक्क्यांवर गेली की थर लावायचा नाही. म्हणजे आपल्याकडे जुलै-ऑगस्ट विसरा. घेताना पावडर बाइंडरची मॅट घ्या, इमल्शनवाली पाण्याला कमी टिकते.

आडवा_पाना :
एवढं माहीत असून होडीवाल्यांकडे पाठवता लोकांना? होडीला विणलेलं रोव्हिंग (जाड काचधाग्यांचं कापड) लावतात. ते गाडीच्या मडगार्डात घातलं की उन्हात रंगावर चौकटी उमटतात, चटईवर बसून उठल्यासारख्या. होडीची जाडी ८-१० मि.मी., वजनाची फिकीर नाही. होडी काळ्या रंगाची करून एप्रिलच्या उन्हात डांबरावर कोण उभी करतं? साधं ऑर्थो जातीचं पॉलिएस्टर रेझिन असलं की गडद रंगाखाली तापून मऊ पडतं, कड लाटेसारखी होते.

मिरकरवाडा_फायबर :
म्हणून उष्णता जास्त सोसणारं आयसो रेझिन वापरायचं, रोव्हिंग नाही. आणि साच्यातून काढल्यावर तीन-चार आठवडे उन्हात पडू द्यायचं, मग मेण पुसून, घासून, इपॉक्सी प्रायमर. मेण पुसायच्या आधी घासलंत तर तेच मेण ओरखड्यांत भरतं आणि रंगाला माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात. होडीवाला अडाणी नसतो, त्याला गाडीचं माप सांगावं लागतं. तुम्हाला फायबर माहीत आहे पण माणसं माहीत नाहीत.

आडवा_पाना :
वैयक्तिक होऊ नका.

दापोली_डेंटर :
दोघेही थांबा. मुख्य चूक अजून कुणी लिहिलीच नाही. रुंद टायर बसावा म्हणून मागच्या मडगार्डची कमान कापतात. तिथे बाहेरचा पत्रा आणि आतली चाकाची कमान एकमेकांना जोडलेले असतात. बाहेरचा कापला की आतला सुटतो. ती फट फायबरने झाकली की चाकाचं पाणी आणि चिखल थेट सिलच्या मागच्या टोकात.

बरोबर पद्धत अशी. बाहेरचा पत्रा कापा. आतल्या कमानीला दर इंच-दीड इंचावर चिरा द्या, पाकळ्या बाहेर वाकवा, टाके मारा, मध्ये २० गेजच्या पट्ट्या भरून सीओटू वेल्डिंगने पूर्ण वेल्ड. एका जागी लांब धार ओढायची नाही. टाका इथे, टाका तिथे, नाहीतर मडगार्ड पापडासारखं वळतं. मग सीम सीलर (सांधे बंद करणारा लेप), इपॉक्सी, आतून पोकळीत मेण. त्यानंतर फायबरची कमान, ६ मि.मी.च्या बोल्टने, रिव्हेट नट (पत्र्यात रिव्हेटसारखा बसणारा नट) टाकून, १००-१२० मि.मी. अंतरावर, मध्ये रबराची बीडिंग. पॉलिएस्टरने थेट लोखंडाला चिकटवाल तर दुसऱ्या उन्हाळ्यात सांध्यावर केसासारखी चीर येईल, कारण पॉलिएस्टरची लोखंडावर पकड कमी आणि दोन्ही तापून सारखे वाढत नाहीत. चीर आली की पाणी आत. मग डेंटरला फोन.

सिलवाला_रत्नागिरी :
हे मात्र मान्य. अशी केली तर रुंद करायला माझी हरकत नाही. दिसते भोपळ्यासारखी, पण तो ज्याच्या त्याच्या डोळ्यांचा प्रश्न.

फक्त क्रम लक्षात ठेवा. आधी सिल. गाडी सस्पेन्शनच्या जागांवर टेकवा, मध्ये नाही. दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत आडवी नळी लावा. एका वेळी एकच बाजू. दार बसवून फट बघितल्याशिवाय शेवटचं वेल्ड नाही. बाहेरचं सिल पुढे-मागे दोन्ही मडगार्डांच्या आत जातं, म्हणून मडगार्डाचा खालचा तुकडा कापूनच पूर्ण सिल बसतं. दोन मडगार्डांच्या मध्ये दिसतं तेवढंच बदलणारे, किंवा जुन्यावर नवं टोपण ठोकणारे, रंग भारी देतात.

घाटावरचा_जावई :
एवढं सगळं करण्यापेक्षा खालून जळकं ऑइल मारा. आमच्या सासुरवाडीला सगळ्या जीपांना मारतात.

दापोली_डेंटर :
जळकं ऑइल रबराचे बुश फुगवतं, सीम सीलर सोडवतं, धूळ धरून ठेवतं, आणि वेल्डिंगच्या वेळी पेटतं. शिवाय तेल लागलेल्या पत्र्यावर नंतर प्रायमर धरत नाही. जीपला चासी आहे हो. इथे चर्चा कशाची चाललीय?

घाटावरचा_जावई :
स्वस्त आहे पण.

कलम५२ :
ते गटारात वाहून जातं, त्यालाही नियम आहे.

मिरकरवाडा_फायबर :
झालं, हे इथेही आले.

सिलवाले, माझ्या पोस्टमध्ये "आधी सिल तपासा" अशी ओळ घालतो आणि "आठवड्यात" काढतो. बाकी एक शब्द बदलणार नाही. कुणाला पुढची मडगार्डं हवी असतील तर मूस दिवाळीनंतर धरायची. तोवर सिलचं काम उरकून घ्या, आणि दारं बसवूनच. नाहीतर डिसेंबरात "तुमचं फायबर बसत नाही" म्हणून माझ्याच नावाने शंख.

सिलवाला_रत्नागिरी :
"पत्र्याचा नाद सोडा" हे पण काढा.

मिरकरवाडा_फायबर :
ते राहणार.

घाटावरचा_जावई :
पोकळीत मारायचं मेण कुठलं? मेणबत्तीचं चालेल का?