पिग्मी शेळी बाल्कनीत? अहो, थोडी दया करा (शेळीवर)

मखमलाबादचा_मामा:
आमच्या नाशकातल्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काल पोस्ट आली. "कुत्र्याची कटकट नको? पिग्मी शेळी घ्या. मांजरीएवढीच राहते, एकटी रमते, बाल्कनीतही चालते." खाली गंगापूर रोडवाल्यांचे बदामावर बदाम. तिथे लिहिलं तर ॲडमिन काढून टाकेल, म्हणून इथे.

मांजरीएवढी वगैरे काही राहत नाही. पिग्मी म्हणजे आफ्रिकेतली बुटकी जात, तिची मादी पूर्ण वाढली की २४ ते ३४ किलो भरते, बोकड ३९ पर्यंत जातो. खांद्याशी दीड-पावणेदोन फूट, पण पोट पिंपासारखं. एवढं धूड बाल्कनीत ठेवणार, आणि खालच्या मजल्यावर लेंड्या पडल्या की सोसायटीची मीटिंग लावणार.

आणि "एकटी रमते"? मागच्या वर्षी आमच्या मेहुण्याने पोरांसाठी "आफ्रिकन पिग्मी" म्हणून एक पाठ (न व्यालेली तरुण शेळी) आणली. बारा हजार मोजले. पहिल्या रात्री तिने जो टाहो फोडला तो पहाटेपर्यंत. चौथ्या रात्री भाचा गोधडी घेऊन पार्किंगमध्ये तिच्याशेजारी जाऊन झोपला, तेव्हा कुठे गप्प बसली. कळपातलं जनावर आहे ते. दुसरं कोणी दिसलं नाही की त्याला वाटतं आपण हरवलो. पुढे आठ महिन्यांत तिचे कान लोंबायला लागले, पाय लांब झाले आणि पिग्मीची झाली गावरान. ती गोष्ट वेगळी.

सायकलवाली_मावशी:
तुमच्या मेहुण्याला फसवलं यात पिग्मीचा काय दोष? दिंडोरी रोडला आमच्या मळ्यात दोन बुटक्या शेळ्या आहेत. नावाने हाक मारली की येतात. एकीने फाटकाची कडी ओठांनी उचलायची कशी ते तीन दिवसांत शोधून काढलं. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, सगळी कारागिरी ओठांची! आमच्या लॅब्रॅडॉरला सात वर्षांत ती कडी उघडता आली नाही. दहा हजार वर्षांपूर्वी इराणकडच्या झाग्रोस डोंगरांत माणसाने शेळी पाळली, तेव्हापासून ती घरातलीच आहे. एकटी नको ना? मग दोन ठेवा. मिटलं.

सिन्नरकर:
मावशी, पाळली ती दुधा-मटणासाठी, सोफ्यावर बसवायला नव्हे.

मला वेगळाच राग आहे. बुटकीच हवी तर आपली ब्लॅक बंगाल काय वाईट? तीही बुटकी, आणि जुळी तर सर्रास. आपल्या जिल्ह्यातली संगमनेरी कोणाला माहीतही नाही. पण नाव आफ्रिकन असलं की किंमत तिप्पट! परदेशातून जिवंत जनावर आणायला सरकारी परवानगी लागते, क्वारंटाइन लागतं. मग गल्लोगल्ली ह्या पिग्म्या उगवतात कुठून? माझा संशय आहे की निम्म्या बंगालच्याच असतील, नाव बदलून.

मखमलाबादचा_मामा:
बंगालची शेळी कॉलनीत आणली की "गावठी" म्हणून नाक मुरडतील. पिग्मी म्हटलं की सेल्फी.
पण सिन्नरकर, खऱ्या पिग्मीला नावं ठेवू नका. पश्चिम आफ्रिकेच्या ज्या पट्ट्यात रक्त पिणाऱ्या त्सेत्से माशीच्या रोगाने मोठी जनावरं मरतात, तिथे ही बुटकी जात टिकून राहते. गुण आहेच. फक्त तो गुण गंगापूर रोडला कामाचा नाही.

उंटवाडीचा_भाऊ:
बोकड कोणी पाळलाय का? मी पाळला. माजावर आला की स्वतःच्या दाढीवर मुततो, मग वरचा ओठ मुडपून हवा हुंगत उभा राहतो. सासूबाई आल्या होत्या. बाकी सांगत नाही.

सायकलवाली_मावशी:
खच्ची करायचा की लवकर. बोकड तीन महिन्यांचा असतानाच गडबड करू शकतो.

उंटवाडीचा_भाऊ:
केला होता हो पुढच्याला. पोरं रोज मका, पोळी, पाव चारायची, मूतखडा झाला. दोन दिवस ताठ उभा, थेंब पडेना. डॉक्टरांनी सांगितलं, खच्ची बोकडाला धान्य मोजून द्या, बाकी पाला. पाला नाशकात आणू कुठून?

निफाडची_बाग:
माझ्याकडून घेऊन जा. छाटणीचा पाला ट्रॉलीभर पडतो, फुकट.

सिन्नरकर:
द्राक्षाचा पाला? फवारलेला? पावसाळाभर त्यावर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मारता, वर इथ्रेल मारून पानगळ करता, आणि तो शेळीला?

निफाडची_बाग:
मोरचुदातल्या तांब्याने मेंढरं पटकन मरतात, शेळी तेवढी नाही. शेळीला तांबं लागतंच. माझा बाप चाळीस वर्षं पाला घालत होता.

सिन्नरकर:
तुमच्या बापाच्या काळी एवढ्या फवारण्या होत्या का? शेळीला तांबं लागतं म्हणजे बादलीभर नाही. युरोपला कंटेनर पाठवताना रेसिड्यूसाठी, म्हणजे उरलेल्या औषधाच्या अंशासाठी, एकेक घड तपासता, आणि शेळीला काहीही चालतं?

निफाडची_बाग:
तुम्ही आम्हाला फवारणी शिकवू नका. अवकाळी आला की एका रात्रीत डाऊनीची बुरशी पसरते. नाही फवारलं तर बाग जाते, फवारलं तर रेसिड्यू निघाला म्हणून व्यापारी भाव पाडतो. सिन्नरच्या कोरड्या माळावर बसून बोलणं सोपं आहे.

सिन्नरकर:
कोरडा माळ काढू नका हं. टँकरची लाइन बघितलीय का कधी?

सायकलवाली_मावशी:
अहो, शेळीचा धागा आहे.

निफाडची_बाग:
ठीक आहे, ऑक्टोबर छाटणीचा नाही देत. तो जमिनीतच जातो. एप्रिलच्या खरड छाटणीला माल नुकताच उतरलेला असतो, काढणीच्या आधीपासून फवारणी बंद. तो न्या. सिन्नरकरांनी पीएच.डी. केली तर तोही बंद करू.

सिन्नरकर:
एप्रिलचं मान्य. हे आधीच लिहिलं असतं तर एवढं टंकावं लागलं नसतं.

मखमलाबादचा_मामा:
माझ्या धाग्याचं द्राक्ष केलंत तुम्ही लोकांनी. त्या पोस्टवर आत्तापर्यंत १४ जणांनी "किंमत?" विचारलंय.

सायकलवाली_मावशी:
मामा, आधी सांगा, मेहुण्याची ती शेळी कुठे आहे? हाकलली ना?

मखमलाबादचा_मामा:
...माझ्याकडे. रात्री ओरडायची म्हणून जोडीला दुसरी आणली. दोघी रोज माझ्या स्कूटरच्या सीटवर उभ्या राहतात, सीट फाटली. सिन्नरकरांच्याच बोकडाकडे नेल्या होत्या, दोन्ही गाभण आहेत, पाच महिन्यांचा हिशोब लावला तर संक्रांतीच्या आसपास व्यायला हव्यात.

करडं हवी असतील तर सांगा. पिग्मी नाहीत. आणि एकेक देणार नाही, जोडीच न्यायची.