सोरायसिसची तीव्रताही वारशाने येते का?

प्रश्न: माझ्या वडिलांना साठीनंतर कोपरांवर सोरायसिसचे मोजके चट्टे उठले, धाकट्या भावाला मात्र सतराव्या वर्षीच, घसा सुजल्यानंतर, अंगभर थेंबांसारखे चट्टे आले. एकाच घरातला आजार इतका वेगळा कसा? जनुकीय चाचणी करावी का?

उत्तर १: हे वर्णन हेन्सेलर आणि ख्रिस्तोफर्स या संशोधकांनी १९८५ मध्ये मांडलेल्या विभागणीशी जुळते: चाळिशीपूर्वी सुरू होणारा प्रकार आणि त्यानंतरचा. पहिल्याचा सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए-सी*०६:०२ या जनुकरूपाशी दाट संबंध आहे, आणि स्ट्रेप्टोकॉकस या घसा सुजवणाऱ्या जिवाणूच्या संसर्गानंतर उठणाऱ्या थेंबांसारख्या चट्ट्यांच्या रुग्णांत ते विशेषकरून आढळते. तरीही ते असलेल्या बहुतेकांना सोरायसिस कधीच होत नाही, आणि एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तरी दुसऱ्याला होतोच असे नाही. म्हणून चाचणीवर खर्च करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

उत्तर २: सहमत, पण एक अपवाद आहे. पू भरलेल्या पुटकुळ्या अंगभर उठणाऱ्या दुर्मीळ प्रकारात काही रुग्णांच्या आयएल३६आरएन या जनुकात दोष असतो, त्यामुळे दाहाला आवर घालणारे प्रथिन कमी पडते आणि आजार जिवावर बेतू शकतो. तेथे चाचणी उपयोगी पडते. नेहमीच्या सोरायसिसची तीव्रता मात्र एका जनुकावर ठरत नाही, त्यात लठ्ठपणा आणि धूम्रपान यांचाही वाटा असतो.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. भावाच्या टाचा सकाळी दुखतात, त्याचा याच्याशी संबंध असेल का?

उत्तर २: असू शकतो. सोरायसिसमधील संधिवातात स्नायुबंध हाडाला जोडले जातात तेथे, जसे टाचेला, दाह होतो, म्हणून संधिवाततज्ज्ञांना लवकर दाखवावे.